शेठ, सगळं सेट ना?

क्विझमध्ये इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द कोणता असं विचारलं की आमच्या पिढीतलं कोणीही झोपेतसुद्धा सेट म्हणेल, कारण ते गिनीज बुकात होतं आणि गिनीज बुकातलं सगळं आम्ही पाठ केलेलं, सगळ्यात लांब नखं, सगळ्यात लांब मिशा, त्याच रांगेत हे पण. आकडासुद्धा ठरलेला, ४३०. तो आला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या दुसऱ्या आवृत्तीतून, १९८९ ची, २० खंडांची, आणि तिच्यात सेट या एका क्रियापदाची नोंद साधारण ६०,००० शब्दांची आहे. साठ हजार! छोटी कादंबरी होते एवढ्यात. पण आता हे उत्तर दिलंत तर मार्क जातील. ऑक्सफर्डवाल्यांनी पुढे एकेक नोंद नव्याने लिहायला घेतली तेव्हा २००० मध्ये मेक सेटच्या पुढे गेला, २००७ मध्ये पुट, आणि २०११ मध्ये रन ६४५ अर्थ घेऊन पहिला आला, त्या एका रनवर पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने बसून होते. अर्थात सेटची नोंद तेव्हा जुनीच होती, त्यामुळे ही शर्यत मला काही फार खरी वाटत नाही.

आणि तसंही ४३० अर्थ लक्षात ठेवून करायचंय काय. मला सेट आवडतो तो आपल्याकडे येऊन त्याने जे रंग दाखवलेत त्यासाठी. आपण त्याचे चार-पाचच अर्थ वापरतो पण सकाळपासून रात्रीपर्यंत वापरतो. काय शेठ, सगळं सेट ना? हो, एकदम सेट. पोराला सरकारी नोकरी लागली, लाइफ सेट. कोहली वीस-पंचवीस बॉल खेळून झाला की तो सेट झाला. केस सेट, मूड सेट, अलार्म सेट, प्लॅन सेट. रेसिपीच्या व्हिडिओत तर दर दोन मिनिटांनी काहीतरी फ्रीजमध्ये सेट व्हायला जातं, आपल्या आया वड्या पडल्या म्हणायच्या, दही लागलं म्हणायच्या, आता वड्या पण सेट होतात आणि दही पण सेट होतं. (दही सेट झालं हे ऐकलं की मला का कोण जाणे थोडं वाईट वाटतं, वड्यांचं चालतं.)

नाम असलेला सेट वेगळा. म्हणजे सोफासेट, टीसेट, डिनर सेट, आणि ज्याच्याशिवाय नव्वदच्या दशकातलं एकही लग्न झालं नाही तो लेमन सेट, एक जग आणि सहा ग्लास, काचेवर लिंबाच्या फोडी नाहीतर संत्री छापलेली. आमच्या घरात एक लेमन सेट होता जो कधीच उघडला नाही, वरच्या फळीवर तसाच पॅक, वाट बघत, की कोणाचं तरी लग्न येईल आणि हा पुढे जाईल. माझी खात्री आहे की महाराष्ट्रात मोजकेच लेमन सेट तयार झाले असणार आणि तेच गावोगाव फिरले. तर हा जो वस्तूंचा सेट आहे ना त्याचा आणि सेट करण्याचा मुळात संबंधच नाही! वस्तूंचा सेट जुन्या फ्रेंचमधून आलाय, मागे लॅटिनमधला सेक्टा, ज्यातून सेक्ट म्हणजे पंथ आला तोच. एका मागोमाग चालणारी माणसं, एका गटातली. आणि क्रियापद असलेला सेट हा अस्सल जुन्या इंग्रजीतला, सिटचा भाऊ. दोघांचं स्पेलिंग सारखं झालं, उच्चार सारखा झाला, मग अर्थांची सरमिसळ पण झाली. टेनिसचा सेट पण नामातलाच, सहा गेमचा हिशोब, साधारण अर्ध्या-पाऊण तासात आटपणारा, पण २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहुतचा शेवटचा सेट ७०–६८ झाला, एकटा सेट आठ तास अकरा मिनिटं, मॅच तीन दिवस. स्कोअरबोर्डसुद्धा दमून बंद पडला होता.

आता मी सिटचा भाऊ म्हणाले त्यावर जरा थांबते कारण खरी गंमत तिथे आहे. सिट म्हणजे बसणे, आणि सेट म्हणजे बसवणे. इतकंच. इंग्रजीत पूर्वी असे जोड होते, आतला स्वर बदलला की स्वतः करण्याचं दुसऱ्याकडून करवणं व्हायचं, सिट-सेट, राइज-रेझ, फॉल-फेल (हा नापासवाला फेल नव्हे, पाडणे या अर्थाचा). आपल्याकडे हे अजून ठणठणीत आहे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे, जळणे-जाळणे. इंग्रजीत झाड फेल करतात, आपण झाड पाडतो, मेथड तीच. आणि एकदा सेट म्हणजे बसवणे हे डोक्यात ठेवलं की त्या ४३० मधले कितीतरी अर्थ मराठी माणसाला डिक्शनरी न उघडता कळतात. हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. अंगठीत हिरा सेट करतात, आपण खडा बसवतो. फरशी बसवतो, दात बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो. आणि मराठीतलं बसणं तर सेटपेक्षा दोन पावलं पुढे आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. घसा बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, फटका बसतो, पाचशे रुपयांना बसतं, चप्पल पायात बसते, धंद्याचा जम बसतो आणि मग एक दिवस तोच धंदा बसतो, म्हणजे बुडतो! एकाच क्रियापदात दुकान चालू पण होतं आणि बंद पण. आणि शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा मेसेज येतो, बसायचं का? परदेशी माणसाला हा मेसेज समजावून दाखवा. खुर्चीचा काही संबंध नाही, ग्लासाचा आहे.

जिथे बसवणे चालत नाही तिथे आपलं लावणे तयारच असतं. अलार्म लावतो, सापळा लावतो, आग लावतो, विरजण लावतो, गाण्याला चाल लावतो, इंग्रजीत हे सगळं सेट. उसाचं पण बघा, आमच्या भागात बेण्याच्या कांड्या लावतात, टिपरी म्हणतात कोणी कोणी, एक डोळ्याची, दोन डोळ्यांची, तर शेतीच्या इंग्रजी पुस्तकात त्या कांडीचं नाव सेटच आहे, फक्त शेवटी दोन टी. कांद्याच्या लागवडीसाठी छोटे कांदे लावतात त्यांना पण सेट. म्हणजे शब्द मातीपर्यंत पोचलेला आहे आणि आपण त्याला सोफ्यापुरता धरून बसलोय.

(लागणे वर तर मी लिहितच नाही आज. भूक लागते, ठेच लागते, रिझल्ट लागतो, नाद लागतो, विहिरीला पाणी लागतं, फलाटावर बस लागते आणि त्याच बसमध्ये बसल्यावर घाटात पोरांना बस लागते. मोल्सवर्थसाहेबाने १८५७ च्या डिक्शनरीत लागणें या शब्दापाशी किती डोकं धरलं असेल कल्पना करा.)

बरं, मी सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे सेट हा शब्द मी सगळ्यात जास्त ऐकला तो साइटवर. कॉलेजच्या लॅबमध्ये विकॅटचं उपकरण असतं, सिमेंटची पेस्ट साच्यात भरायची आणि वरून एक चौरस मिलिमीटरची सुई हळूच सोडायची, सुरुवातीला ती आरपार तळापर्यंत जाते, मग थोड्या थोड्या वेळाने परत परत सोडत राहायचं, आणि ज्या वेळी ती तळापासून पाचेक मिलिमीटरवर अडकते ती इनिशियल सेटिंगची वेळ. साध्या ओपीसी म्हणजे ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंटला हे ३० मिनिटांच्या आत व्हायला नको आणि फायनल सेटिंग ६०० मिनिटांच्या पुढे जायला नको, हा आपला आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक. सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात ते याच्यासाठीच, नाहीतर पाणी पडल्या पडल्या ते दगड होईल, त्याला फ्लॅश सेट म्हणतात. हे सगळं लॅबमध्ये शांतपणे घडतं. साइटवर स्लॅबच्या दिवशी मिक्सरची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली, व्हायब्रेटरवाला चहाला गेलेला, वर मुकादम ओरडतोय की मॅडम माल सेट व्हायला लागलाय, आणि खाली मालक विचारतोय की आज सेट झाला तर उद्या सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) खोलायचं ना?

उद्या नाही खोलायचं काका. सेट होणं वेगळं, ताकद येणं वेगळं. सेट झाला म्हणजे फक्त त्याचा पातळपणा गेला, आता तो हवा तसा वळणार नाही, बस. ताकद पुढे दिवसेंदिवस येत राहते, त्याला पाणी मारत राहावं लागतं, क्यूबची टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडून बघायची, आपण २८ दिवसांनी करतो ती उगाच नाही. हा फरक मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलाय की आता कोणी म्हणालं अमक्याचा मुलगा पुण्यात सेट झाला, की माझ्या तोंडावर येतं, क्यूब टेस्ट झाली का? पण म्हणत नाही. माणसं नाराज होतात.

आणि साइटवरच मला अजून एक कळलं. सिमेंटला तुम्ही सेट करत नाही, ते सेट होतं. तुम्ही पाणी घालता, वाट बघता, घाई करता, शिव्या देता, पण होण्याचं काम ते स्वतः करतं. आपल्या बोलीतला सेटही असाच आहे. जिथे जिथे आपण सेट होणे म्हणतो तिथे सगळं छान, निर्मळ, पोरगा सेट झाला, जोडी सेट झाली, गाडी सेट झाली. आणि ज्या क्षणी सेट करणारा कोणीतरी वाक्यात येतो त्या क्षणी वास यायला लागतो. मामाने त्याला सेट केला. साहेबांना सेट केलंय. परीक्षकच सेट होते. पोरगी सेट करायची भाषा कट्ट्यावर चालते तिलाही तोच वास आहे, जणू तिकडे माणूस नाही टीव्हीचा रिमोट आहे. अलार्म नि केस सोडले तर करणारा दिसला की आपले कान टवकारतात. मराठी बसवणं पण असंच वागतं हो, जम बसला म्हणजे कौतुक, आणि खुर्चीत बसवला म्हणजे कोणाचा तरी बाहुला.

यातूनच सेटिंग आली. इंग्रजीत सेटिंग म्हणजे कथेचं स्थळ-काळ, मोबाइलमधलं गिअरचं चिन्ह, अंगठीतलं कोंदण. आपल्याकडे सेटिंग म्हणजे दोनच गोष्टी, एक प्रेमप्रकरण आणि दुसरं टेबलाखालचं. त्याची तिच्याशी सेटिंग आहे, आणि त्याची ऑफिसात सेटिंग आहे. पहिलं लपवतात कारण घरी कळेल, दुसरं लपवतच नाहीत उलट मिरवतात. आणि सेटिंग केली असं कमीच म्हणतात, सेटिंग लावली म्हणतात, परत आपलं लावणे. एका घराच्या नकाशाच्या मंजुरीसाठी मी चकरा मारत होते तेव्हा बाहेरच्या टपरीवरचा माणूस इतक्या सहज म्हणाला की ताई सेटिंग लावा ना, कशाला उन्हात फिरताय, की मला वाटलं हा छत्री देतोय. लाच हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, तो पेपरात छापायचा शब्द आहे. सेटिंग हसत हसत म्हणता येतं. मुंबईत याचाच थोरला भाऊ सेटलमेंट, आणि त्याला मराठी-बंबैय्यातला खास शब्द मांडवली, तो इतका चपखल आहे की त्याच्यापुढे इंग्रजी शब्द बिचारा वाटतो.

सेटलमेंटवरून सोलापूर आठवतं. सोलापुरात सेटलमेंट हा भाग आहे, तिथले लोक पत्त्यात सहज लिहितात, रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेतो, आणि बाहेरच्याला वाटतं काय कॉलनीचं नाव ठेवलंय मॉडर्न. ते नाव इंग्रजांचं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांना काटेरी तारेच्या आत ठेवायच्या जागा म्हणजे सेटलमेंट, हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर नाही जायचं. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात. शब्दाचं मूळ तेच बसण्याचं, पण कोणी बसवलं आणि कोणाला बसवलं हे बघितलं की डिक्शनरीतला शांतपणे वसणे हा अर्थ वाचवत नाही. आणि आपण त्याच कुळातला सेटल लग्नाच्या जाहिरातीत लिहितो, मुलगा वेल सेटल्ड. सुस्थापित म्हणायची पद्धत होती पूर्वी, आता तो शब्द फक्त वधू-वर सूचक मंडळाच्या जुन्या फॉर्मवर उरलाय.

सेटलवरून नातेवाईकांचा प्रश्न आलाच, मग काय, सेटल झालास का? याला उत्तर देताना सगळ्यात जास्त पंचाईत कोणाची होत असेल तर नेट-सेटवाल्यांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेट ही प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, महाराष्ट्रात पुणे विद्यापीठ घेतं, आणि नेट ही तशीच देशपातळीवरची. पास झालं की माणूस म्हणतो माझी सेट झाली. आजी खूश, म्हणजे सेट झाला का रे बाबा? नाही आजी, सेट झाली, सेट नाही झालो, तासिका तत्त्वावर आहे. तासावर पैसे, तेही वेळेवर मिळतील तर, सुट्टीत काही नाही, दरवर्षी परत इंटरव्ह्यू. माझ्या ओळखीत असे बरेच जण आहेत, एकाकडे तर नेट, सेट आणि पीएचडी तिन्ही, आणि तो सकाळी कॉलेज करून संध्याकाळी क्लास घेतो. त्याच्यासमोर मी सेटवरचे विनोद करत नाही, तोच करतो.

अमेरिकेत अजून तिसरंच. माझी मावसबहीण बॉस्टनला गेली तेव्हा पहिल्या आठवड्यात हॉटेलात वेट्रेस येऊन म्हणाली, यू ऑल सेट? हिला वाटलं विचारतेय की बाई तयार आहेस का पुढची ऑर्डर द्यायला, ही आनंदाने येस म्हणाली, वेट्रेसने प्लेट उचलली आणि बिल आणून ठेवलं. गोड खायचं राहिलं ते राहिलंच. तिकडे, विशेषतः त्या न्यू इंग्लंडच्या पट्ट्यात, आय अ‍ॅम ऑल सेट म्हणजे नको, पुरे, माझं झालं. पिशवी हवी का, ऑल सेट. मदत हवी का, ऑल सेट. म्हणजे सरळ आपलं बस्स! तो बस फारसीतून आलेला वेगळा शब्द आहे, बसण्याशी त्याचं नातं नाही हे मला माहितेय, पण योगायोग बघा की जेवणाच्या पंगतीत वाढप्याच्या पळीवर हात आडवा धरून आपण जे म्हणतो तेच ते लोक सेट म्हणून म्हणतात.

त्याच देशात लॉस एंजेलिसच्या काही गल्ल्यांत सेट म्हणजे गँगची शाखा. क्रिप्स आणि ब्लड्स या मोठ्या टोळ्या, आणि त्यांच्या खालचे एकेक मोहल्ल्यातले गट ते सेट. तू कुठल्या सेटचा हा तिथे गप्पांचा विषय नसतो, उत्तर चुकलं तर जीव जाऊ शकतो. हा सेट पण नामातलाच, गट, पंथ, त्या लॅटिन सेक्टाच्या घरचा. आणि ऑस्ट्रेलियात डेड सेट म्हणजे आईशप्पथ, अगदी खरं. डेड सेट, मेट? आता हे ४३० मध्ये कुठल्या खणात टाकायचं ते ऑक्सफर्डवाले बघतील.

आपल्याकडे तेवढ्यात सेटला स्पर्धक आलाय. ऑफिसातली नवीन पोरं सेट म्हणत नाहीत, सॉर्टेड म्हणतात. लाइफ सॉर्टेड, वीकेंड सॉर्टेड, ती ना खूप सॉर्टेड मुलगी आहे. हा ब्रिटिश बोलीतला माल, तिकडे नव्वदच्या दशकात क्लबात सॉर्टेड म्हणजे ड्रग्जची सोय झाली असाही अर्थ होता, आपल्या पोरांना ते माहीत नाही आणि कळून काही फरक पडणार नाही. सेट म्हणजे नोकरी, घर, लग्न, बाहेरून दिसतं ते. सॉर्टेड म्हणजे डोकं ठिकाणावर आहे, आतलं. त्यामुळे हल्ली असं पण ऐकायला येतं की तो सेट आहे पण सॉर्टेड नाही, आणि याच्या उलटंही, आमच्या ऑफिसातली एक इंटर्न स्वतःबद्दल सांगत होती, मॅम मी सॉर्टेड आहे फक्त सेट व्हायचंय. मी तिला म्हटलं नकाशे मंजुरीला जायचंय उद्या, चल, तिथे टपरीवरच्या माणसाला विचारू सॉर्टिंग लावून मिळतं का.